खसाच्या पाच बाटल्या

मे महिन्यात, भर दुपारी, मुलुंडमध्ये, काचा वर करून आणि हीटर चालू करून उभ्या गाडीत पंधरा मिनिटं बसलेला माणूस कुणी पाहिला असेल, तर तो मी. आमच्या इमारतीतल्या सगळ्यांनी पाहिला. तळमजल्यावरच्या काकांनी खिडकीतून विचारलं, "सर, बरं वाटत नाहीये का?" रेडिएटर धुताना इंजिन तापेपर्यंत हीटर चालू ठेवायचा असतो, म्हणजे आतल्या सगळ्या नळ्यांमधून पाणी फिरतं, हे मी त्यांना सांगणार होतो. पण काच खाली करायला हात उचलण्याइतकंही त्राण माझ्यात उरलं नव्हतं. आणि काचा वर ठेवायची काहीच गरज नव्हती, हे मला त्यांच्या प्रश्नानंतर सुचलं.

गाडी बायकोची. कागदोपत्री दोघांची होती, पण आमच्या घरात यंत्राशी संबंधित जे जे होतं ते तिचं आणि कागदाशी संबंधित जे जे होतं ते माझं, अशी वाटणी लग्नानंतर वर्षभरात आपोआप होऊन गेली. तिचे वडील अकोल्याला बस डेपोत मेकॅनिक होते. शाळा सुटली की ही त्यांचा डबा घेऊन डेपोत जायची आणि परत यायची ती हात काळे करून. पुढे ती आयटीआयमध्ये शिकवायला लागली. मी कॉलेजात ग्रंथपाल. दर दोन वर्षांनी एका रविवारी ती जुना सलवार-कमीज घालून गाडीखाली शिरायची आणि मी शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत पुस्तक घेऊन बसायचो. "बारा नंबरचा दे," ती खालून म्हणायची. मी चौदाचा द्यायचो. "वाचता येतं ना रे तुला?" ती म्हणायची.

तिला जाऊन वर्ष झालं. पहिल्या स्मृतिदिनाला भंतेजी आले, वंदना झाली, भोजनदान झालं, आणि पाहुणे पांगल्यावर माझा मेहुणा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, ताटं गोळा करता करता म्हणाला, "भाऊजी, आता आईले मी घेऊन जातो नाशिकले. वर्ष झालं. जावयाकडं किती दिवस ठेवायची?"

सासूबाई, ज्यांना मी आई म्हणतो, त्या अकरा वर्षांपासून आमच्याकडे होत्या. सासरे वारले तेव्हा बायको जाऊन त्यांना घेऊन आली; मला विचारलं ते गाडीत सामान भरून झाल्यावर फोनवरून. तेव्हा त्या लेकीकडे राहत होत्या. आता लेक नाही. मग त्या कुणाकडे राहत होत्या? आमच्या समाजात काय आणि इतरांत काय, याला एकच उत्तर आहे, आणि ते मेहुण्याने दिलं होतं. मुलगा चांगल्या कंपनीत आहे, दोन खोल्यांचं घर आहे, सून स्वभावाने बरी. विरोध करायला जागा नव्हती.

मला त्या जायला नको होत्या. हे इथे एका ओळीत लिहिता येतं, तसं तेव्हा बोलता आलं नाही. जावयाने सासूला 'राहा' म्हणायचं ते कोणत्या नात्याने? दोघांना जोडणारा माणूस मधून निघून गेलेला. वर्षभर आम्ही सकाळी चहा, रात्री पोळी-भाजी, मधल्या वेळात 'गॅस बंद केला का' इतकंच बोलत होतो. बायकोचं नाव कुणी काढत नव्हतं. तिच्या वस्तू जिथे होत्या तिथे होत्या, आणि ज्या जागच्या हलल्या होत्या त्या कुणी हलवल्या हे मी विचारत नव्हतो.

"कधी जायचं?" आईंनी मुलाला एवढंच विचारलं होतं. आणि मी, काहीतरी बोलायलाच हवं म्हणून, बोलून बसलो होतो: "मी गाडीने सोडतो. आईंचे गुडघे रेल्वेच्या पायऱ्या चढायचे नाहीत." म्हणजे त्यांना पाठवायची सोयसुद्धा मीच करून दिली.

निघायचा रविवार ठरला. गुरुवारी मी गाडी सहज म्हणून बाहेर काढली, तर ऐरोलीच्या पुलावर तापमानाचा काटा लाल रेघेला जाऊन टेकला आणि बॉनेटमधून वाफ निघाली. गाडी थंड करत, थांबत थांबत जवळच्या गॅरेजवर नेली. तिथल्या माणसाने इंजिन निवल्यावर रेडिएटरचं झाकण उघडलं, बोट बुडवून पाहिलं आणि माझ्या पँटच्या दिशेने झटकलं.

"कूलंट केव्हा बदललं होतं?"

"बायको बदलायची."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही वावगं बोललोय. "पाणी होऊन गेलंय याचं. फ्लश मारून सगळं धुवायला लागेल. घाट चढायचा असेल तर असं नेऊच नका, कसाऱ्याला वाट लागेल. मंगळवारी आणा."

"मला रविवारी जायचंय."

"मग टॅक्सी करा ना."

त्याच वेळी त्याच्या शेजारच्या गाडीखालून हिरवं पाणी रस्त्यावर येत होतं. कुणीतरी दुसऱ्या गाडीचा रेडिएटर सरळ जमिनीवर सोडला होता. ओघळ गटाराकडे निघाला होता आणि मध्ये खड्ड्यात थोडं साचलं होतं. एक कुत्री येऊन हुंगायला लागली. मी तिला हाकललं. ती पुन्हा आली. मी पुन्हा हाकललं. तो माणूस म्हणाला, "अहो, राहू द्या ना, पाणी पितेय बिचारी."

पाणी नसतं ते. इंजिन थंड ठेवणारं कूलंट असतं. गोड विष असतं, आणि गोड असतं हीच त्यातली सगळी गोम. काही वर्षांपूर्वी आमच्या आवारातलं एक पिल्लू कुणाच्यातरी गाडीखालचं असंच डबकं चाटून दोन दिवसांत मेलं होतं. बायको तेव्हा प्रत्येक गाडीखाली वाकून गळती शोधत फिरली होती. त्यानंतर तिचा नियम: जुन्या कूलंटचा थेंब जमिनीवर पडता कामा नये, नाल्यात नाही, मोरीत नाही, झाडाच्या मुळाशी तर नाहीच. ती ते कॅनमध्ये भरायची आणि कुठेतरी घेऊन जायची. बरोबर आईंना न्यायची. कुठे, ते मी कधी विचारलं नाही. दोघी तासा-दीड तासाने परत यायच्या, हातात कोथिंबीर वगैरे असायची, म्हणून मी धरून चाललो होतो की बाजारात जातात. इतकी वर्षं मी असं धरून चाललो, आणि लोक मला अभ्यासू म्हणतात.

तर शनिवारी सकाळी मी स्वतःच कामाला लागलो. तिची हत्यारं होती. मी तीन चित्रफिती पाहिल्या होत्या आणि एका वहीत पायऱ्या क्रमाने लिहून घेतल्या होत्या. इंजिन पूर्ण थंड असताना झाकण उघडायचं. खाली टब ठेवायचा. रेडिएटरच्या तळाशी प्लॅस्टिकची छोटी चावी असते ती फिरवायची. चित्रफितीत ती चावी दोन बोटांनी फिरते. आमची फिरली नाही. मी पक्कड लावली, तर तिचा कान तुटून हातात आला आणि सगळा द्रव टबाच्या शेजारून, माझ्या कोपरावरून, सदऱ्याच्या बाहीत शिरला. टब सरकवला. मग तो हळूहळू टबात पडू लागला. गढूळ हिरवा, तळाशी गंजाचा गाळ. जमिनीवर पडला तो मी माती टाकून, जुन्या चादरीने टिपून, चादर पिशवीत घालून वर नेला. वहीत ही पायरी नव्हती.

तळमजल्यावरचे काका खुर्ची घेऊन बाहेरच येऊन बसले. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. दुसऱ्याचं काम पाहणं हा त्यांचा छंद. "तुमच्या मिसेस वीस मिनिटांत करायच्या हो," ते म्हणाले.

"हो."

"आणि त्या असं ओलं नाही करायच्या."

"काका, जरा तो टब धरता का?"

"माझं कंबरेचं दुखणं आहे ना. हे टबातलं काय करणार? गटार हे काय, इथेच आहे."

"ते विषारी असतं."

"गटार काय अमृताचं आहे काय? ओता ओ, सर! सगळं शेवटी खाडीतच जातंय."

मग साधं पाणी भरून, इंजिन चालू करून, हीटर लावून मी त्या भट्टीत बसलो, ते वर सांगितलंच आहे. ते पाणी गार झाल्यावर पुन्हा सोडायचं, पुन्हा भरायचं, स्वच्छ येईपर्यंत. तुटलेल्या चावीशी दर वेळी झटापट. तीन खेपांनंतर स्वच्छ आलं. पण हे धुवणही साधं पाणी नव्हतं, तेही सांभाळायला हवं. ते मी रंगाच्या रिकाम्या बादल्यांमध्ये भरून झाकणं ठोकली.

राहिलं टबातलं पहिलं, दाट, अस्सल कूलंट. बायकोचा कॅन सापडेना. माळा पाहिला, जिन्याखालची जागा पाहिली, गाडीची डिकी पाहिली. आईंना विचारायला हवं होतं. त्या आत त्यांची बोचकी बांधत होत्या. दाराशी दोनदा जाऊन आलो. "तो तिचा कॅन..." एवढंच वाक्य होतं. त्यात 'तिचा' हा शब्द होता. परत फिरलो.

आणि मग मी ते केलं, जे आमच्याच घरात होऊ शकलं असतं. बायकोला खसाचं सरबत आवडायचं. उन्हाळ्याला सात-आठ बाटल्या व्हायच्या, आणि आई रिकामी बाटली कधी टाकू द्यायच्या नाहीत. धुऊन, उन्हात वाळवून, बूच लावून स्वयंपाकघरामागच्या गॅलरीत ओळीने ठेवायच्या. तेल आणायला, फिनेल ठेवायला, गावाकडे तूप द्यायला. मी त्यातल्या पाच घेतल्या. टबातला गाळ तळाशी बसू दिला, वरचं हिरवं जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळून घेतलं आणि नरसाळ्याने भरलं. गाळायची काय गरज होती? काही नाही. मला नीटनेटकं आवडतं. गाळ वेगळ्या डब्यात बंद केला. पाचही बाटल्या उन्हात धरल्या तर अशा सुरेख दिसत होत्या की क्षणभर मला स्वतःचं कौतुक वाटलं. खाली ठेवल्या तर मांजरं आहेत, पोरं खेळतात. म्हणून वर आणल्या आणि सुरक्षित जागी ठेवल्या. म्हणजे जिथून घेतल्या तिथेच.

तीस वर्षं मी पुस्तकांच्या पाठीवर चिठ्ठ्या चिकटवल्या. एक पुस्तक चुकीच्या फळीवर गेलं की ते हरवलंच, असं नव्या मुलांना शिकवलं. या बाटल्यांना चिठ्ठी लावायची राहिली असं म्हणणंही खोटं आहे. त्यांच्यावर चिठ्ठी होती. सरबताची.

मग फोन. पालिकेच्या एका फलकावर घातक कचऱ्यासाठी म्हणून नंबर होता.

"ओला की सुका?" पलीकडच्या बाईंनी विचारलं.

"द्रव आहे. गाडीचं जुनं कूलंट."

"म्हणजे ओला."

"तसा ओला नाही हो. विषारी आहे."

"मग सॅनिटरीमध्ये टाका. लाल पिशवीत."

"धुवणासकट पंधरा लिटर आहे."

फोन बंद झाला. दुसरा नंबर लागेना. तिसऱ्याने सांगितलं की ते फक्त बॅटऱ्या आणि मोबाइल घेतात. जवळच्या गॅरेजवाल्याला विचारलं, तो म्हणाला, "घेऊन या, ओतून टाकतो." कुठे ओतणार, हे मी पाहिलेलं होतं. नवं कूलंट भरून, हवा निघेपर्यंत झाकण उघडं ठेवून इंजिन चालवून, गाडी तयार झाली तेव्हा चार वाजले होते. गाडी घाट चढायला तयार होती आणि मी रडकुंडीला आलो होतो. आंघोळीला गेलो.

बाहेर आलो तेव्हा मेहुणा येऊन बसला होता. नाशिकहून बसने, उन्हातून आलेला. पंख्याखाली शर्टाची बटणं उघडून बसला होता आणि त्याच्यासमोर तीन काचेचे ग्लास होते. हिरवे. बर्फ घातलेले. वर सब्जाचं बी तरंगत होतं.

"बसा, बापू," आई मला म्हणाल्या. वऱ्हाडात जावयाला बापू म्हणतात. "तुमी दिवसभर उन्हात होते. गॅलरीत भरली बाटली सापडली, खस केलं. वास नाही येत पहिल्यावानी, जुनं झालं असंन."

मेहुण्याने ग्लास उचलला होता. ओठांना लागायला बोटभर अंतर असेल.

मी ओरडलो की नाही मला आठवत नाही. हात मारलेला आठवतो. ग्लास भिंतीवर जाऊन फुटला, त्याच्या शर्टावर हिरवं सांडलं, आणि तो उठून उभाच राहिला.

"काय झालं काय भाऊजी? डोकं फिरलं का?"

"पिऊ नका. कुणीच पिऊ नका. आई, तुम्ही घेतलं?"

"तुमच्यासाठी थांबली होती," आई म्हणाल्या.

"चाखलं? बोट लावलं?"

"नाही, बाप्पा. काय हाय ते?"

मी सांगितलं. सांगायला वेळ लागला, कारण मी मधूनमधून उरलेले दोन ग्लास त्यांच्या हाताच्या टप्प्यातून दूर नेत होतो आणि कुठे ओतायचे ते मला कळत नव्हतं. मोरीत ओतायचे नव्हते. ग्लास हातात धरून मी खोलीच्या मधोमध उभा होतो.

मेहुणा आधी नळाखाली हात धुऊन आला, चूळ भरून आला, शर्ट काढून आला आणि मग बोलायला लागला. त्याचं सगळं बरोबर होतं. "सरबताच्या बाटलीत? सरबताच्या बाटलीत कोण भरते जहर? पोट्टंही नाही भरत! तुमी शिकलेले ना? पुस्तकातच ऱ्हा भाऊजी तुमी, बाहेर नका येत जाऊ. आज मी होतो. मी नसतो आलो अन् आईनं दुपारी एकटीनं केलं असतं म्हंजे? काय सांगतलं असतं मले, फोन करून? म्हनूनच म्हनतो. आई, उद्या सकाळी सहाले निघू."

तोवर मनात कुठेतरी आशा होती की निघताना, सामान भरताना, मी 'आई, राहा' असं म्हणून टाकेन. आता ते म्हणायचं तोंड राहिलं नव्हतं. तीन ग्लासांतला एक त्यांचा स्वतःचा होता. आणि त्या माझ्यासाठी थांबल्या होत्या.

आई भिंतीवरचा हिरवा ओघळ पाहत बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "कॅन काऊन नाही घेतला?"

"सापडला नाही."

"माह्या पलंगाखाली हाय."

त्या गेल्या आणि कॅन घेऊन आल्या. पांढरा, पाच लिटरचा, कडीला काळी चिंधी घट्ट बांधलेली. बायकोच्या जुन्या ओढणीची होती ती. "हे तिच्या बाबाचं," आई म्हणाल्या. "डेपोत असंच करत. ज्याले काळी चिंधी, त्याले हात नाही लावायचा. म्या सोताच हा पलंगाखाली ठेवला. समोर दिसे, नको वाटे." कॅन माझ्यापुढे ठेवत म्हणाल्या, "इचारलं असतं तर सांगतलं असतं, बापू. इचारतच नाही तुमी काही."

"तुम्ही तरी कुठे काही बोलता?" मी म्हणालो. दिवसभराचा वैताग होता, आवाज चढला. सासूबाईंवर आवाज चढवल्याची ती पहिली वेळ. मेहुणा शर्ट पिळता पिळता थांबला.

"मी काऊन बोलू?" आई म्हणाल्या. त्यांचाही चढला होता. "तुमचं घर. तुमी दोन घास सुखानं खाऊन ऱ्हायले, वाचून ऱ्हायले. मी तिचं नाव काढीन अन् तुमी उठून आत जासान. पाह्यलं नाही का म्या?"

मी उठून आत जातो, हे खरं होतं. या वेळी गेलो नाही, कारण हातात दोन ग्लास होते.

ते मी कॅनमध्ये ओतले. मग पाच बाटल्याही, एकेक करून. नरसाळं आईंनी धरलं. त्यांना नीट दिसत नाही, म्हणून नरसाळ्याच्या कडेला बोट लावायला गेल्या, तेव्हा मी म्हणालो, "बोट नका लावू." "हाव, हाव," त्या म्हणाल्या, "मीच शिकवलं तुमाले आता."

"हे न्यायचं कुठे?" मी विचारलं. हा प्रश्न मी काही वर्षं उशिरा विचारत होतो.

"कांजूरकडं. मले रस्ता माहीत हाय."

सकाळी सामान भरलं. पत्र्याची पेटी, शिलाई मशीन, दोन बोचकी. डिकीत बादल्यांना जागा उरेना, म्हणून मेहुण्याला मागे बसवून एक बादली मांडीवर आणि एक पायांत दिली. "भाऊजी, हे सांडलं ना माह्यावर," तो म्हणाला, "तर मी नाशिकपर्यंत बोलत जाईन." "नाही सांडलं तरी बोलशील," आई पुढच्या सीटवरून म्हणाल्या. कॅन त्यांच्या पायांशी होता, आणि चिंधी त्यांनी मुठीत धरली होती.

भांडुप मागे टाकून हमरस्त्याच्या बाजूला ट्रक-टेम्पो दुरुस्त करायचं मोठं पत्र्याचं वर्कशॉप होतं. मी तिथून शेकडो वेळा गेलो असेन. आईंनी वळण बरोबर सांगितलं, फाटकही, आणि आत कुठे थांबायचं तेही. तेलकट टोपी घातलेला एक म्हातारा मिस्त्री टायरवर बसून चहा पीत होता. आईंना उतरताना पाहून तो उठला.

"आजी! किती दिवसांनी. ताई कुठायत?"

आई गाडीचं दार धरून उभ्या राहिल्या. "ताई नाही," त्या म्हणाल्या. "वर्ष झालं. हे हायेत."

त्याने माझ्याकडे पाहिलं. टोपी काढली, पुन्हा घातली. "इकडे आणा, सर," एवढंच म्हणाला. आत शेडमध्ये दोन मोठी पिंपं होती, एक काळ्या तेलाचं, एक कूलंटचं. परवाना असलेल्या कंपनीची एक गाडी येऊन ती भरून नेते, असं त्याने सांगितलं. "कूलंट तेलात मिसळायचं नाही. ताईंनी सांगितलं तेव्हापासून वेगळं पिंप ठेवतोय. आधी आम्हीपण नाल्यातच सोडायचो." मी ओतत असताना त्याने गाळाचा डबा आणि चादरीची पिशवीही ठेवून घेतली. सोबत आणलेल्या रिकाम्या बाटल्या तेवढ्या परत द्यायला लागला.

"त्या नको," आई आणि मी एकदमच म्हणालो.

परत निघालो. मुलुंड आलं. सरळ गेलं की ठाणे, पुढे नाशिकचा रस्ता. उजवीकडे वळलं की घर. काटा बरोबर मध्यावर होता. मी रस्त्यापेक्षा काट्याकडेच जास्त पाहत होतो. सिग्नल लाल होता. आता नाही म्हटलं तर कधीच नाही.

"आई," मी म्हणालो, "तुम्ही राहा. मला नको आहे तुम्ही गेलेलं."

मागून मेहुणा म्हणाला, "भाऊजी, कालच्यानंतर?"

"कालच्यानंतरच."

आई मुलाकडे न वळता म्हणाल्या, "हे दोन वर्सानं परत बदलावं लागते. याहिले पिंप कुठी हाय माहीत नव्हतं."

"आता माहीत झालं ना! अन् मॅप असते आई, फोनमधी."

"त्या मॅपले इचार, काळी चिंधी कायले बांधते," आई म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "दिवाळीले येईन तुह्याकडं, बाबू. महिनाभर राहीन. सुनेले सांग. पन आता घरी घेऊन चाल म्हना याहिले, माहे पाय दुखून ऱ्हायले."

मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. मी उजवीकडे वळलो, इंडिकेटर द्यायचा राहिला.

पेटी आणि शिलाई मशीन तिसऱ्या मजल्यावर परत चढवताना मेहुण्याने मला जे ऐकवलं ते सगळं इथे लिहीत नाही. लिफ्ट बंद होती. दुसऱ्या मजल्यावर मशीन खाली ठेवून तो म्हणाला, "काल सांगतलं असतं 'राहा' म्हून, तर हे उतरवावंच लागलं नसतं ना, भाऊजी! शिकलेला माणूस!" तळमजल्यावरून काका विचारत होते, "काय सर, घाटात गाडी बंद पडली का?"

दुपारी मी गॅलरीतल्या राहिलेल्या तिन्ही रिकाम्या बाटल्यांवरची सरबताची लेबलं पाण्याने भिजवून खरवडून काढली. नव्या कूलंटची अर्धी बाटली उरली होती. ती पुढेमागे लागेल, टाकवत नाही. तिच्यावर मी चिठ्ठी लावली, ठळक अक्षरांत. आईंनी ती डोळ्यांजवळ नेऊन पाहिली, अक्षर दिसत नाही म्हणाल्या आणि आतून ओढणीचा उरलेला तुकडा घेऊन आल्या.

गाठ मला नीट बांधता येईना. "सैल हाय," त्या म्हणाल्या. "ती दोन येढे देई." मी आत गेलो नाही. दुसरा वेढा दिला.

बाटली त्यांच्या पलंगाखाली आहे, कॅनच्या शेजारी.